बरा दिसतो, पण बरा आहे का?

मंडळी, मागच्या खेपेला आपण सातबाऱ्यावरच्या वारस-नोंदीचे बोललो. या खेपेला ज्या घरात मनाच्या दुखण्याचे माणूस आहे, त्या घरासाठी लिहितो आहे. असे घर आमच्या गावात नाही, असे म्हणू नका. असते. फक्त त्याविषयी ओट्यावर कोणी बोलत नाही. पाय मोडला तर सारे गाव विचारायला येते; मन मोडले तर घरचेच दार लोटून घेतात.

तुमच्या घरी अशा माणसाला निराधारचा पगार चालू असेल, तर हे वाचता वाचता उठा आणि ट्रंकेतले दिव्यांग प्रमाणपत्र बाहेर काढा. त्यावर टक्केवारी लिहिलेली आहे, ती तुम्हांला पाठ असेल. पण त्याच कागदावर ‘तात्पुरते’ असा शब्द आहे का आणि पुढे मुदतीची तारीख आहे का, ते बघा. हात नाही, पाय नाही, दृष्टी नाही अशांना बहुधा कायमचे प्रमाणपत्र मिळते. मनाचे दुखणे कमी-जास्त होत असते, म्हणून डॉक्टर पुष्कळदा काही वर्षांपुरतेच लिहून देतात. ती मुदत संपायच्या आत माणसाला पुन्हा तपासणीला न्यावे लागते. हे न समजल्यामुळे कितीतरी घरांचा पगार एक दिवस मुकाट्याने थांबतो. तहसीलची पडताळणी होते, कागद जुना निघतो, पैसे येणे बंद होते आणि घरच्यांना ते दोन-तीन महिन्यांनी बँकेत गेल्यावर समजते.

पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे. ही योजना १९८० ची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. तेव्हा आपली हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पूर्वी या योजनेत मिळणारी रक्कम अगदीच तुटपुंजी होती. आता दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १,५०० च्या जागी २,५०० रुपये ठरले आहेत. वर्षाचे ३०,००० झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपयांनी, साडेपाच क्विंटलहून जास्त सोयाबीन. कोरडवाहू दोन एकरवाल्याच्या घरी साडेपाच क्विंटल सोयाबीन म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. हा पैसा औषधपाण्याला लागतो, नांदेड-परभणीच्या गाडीभाड्याला लागतो. म्हणून तो केवळ कागदाच्या हलगर्जीपणाने जाऊ नये.

आता एक घोळ आधी मोकळा करतो. नूतनीकरण दोन प्रकारचे असते आणि लोक दोन्ही एकच समजतात. एक तहसील कचेरीचे: माणूस हयात आहे, इथेच राहतो, घरचे उत्पन्न मर्यादेत आहे याची पडताळणी. त्यासाठी तलाठी सांगतील त्या तारखेला हयातीचा दाखला आणि मागतील ते इतर कागद द्यायचे. उत्पन्नाची मर्यादा इतर निराधारांना वर्षाला २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. सेतूवरच्या पोराने जुन्याच आकड्यावर हुज्जत घातली तर हे त्याला सांगा. दुसरे नूतनीकरण जिल्ह्याच्या दवाखान्याचे: दिव्यांगत्व अजून आहे का आणि किती टक्के, हे पुन्हा मोजणे. तहसीलमध्ये हयातीचा दाखला वेळेवर दिला म्हणून दवाखान्याचे काम आपोआप होत नाही, आणि दवाखान्यात जाऊन आलात म्हणून तहसीलला ते आपोआप समजत नाही. नवे प्रमाणपत्र हातात पडले की त्याची एक प्रत तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, सही आणि तारीख. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवले’ ही पोच नव्हे.

कागदांचे एवढे पुरे. खरी अडचण तपासणीच्या खोलीत होते.

सेनगावकडचे किंवा कळमनुरीकडचे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. मोठा मुलगा बारावीला असताना त्याला कानात आवाज येऊ लागले. लोक आपल्यावर टपले आहेत, जेवणात काही घातले आहे, असे तो म्हणू लागला. आधी बाहेरची बाधा समजून वर्ष गेले, देवऋषी झाले, मग कोणीतरी शहाण्याने दवाखाना दाखवला. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले स्किझोफ्रेनिया. औषध सुरू झाले, आरडाओरडा थांबला, झोप आली. आज दहा-बारा वर्षे झाली. मुलगा शांत असतो. तपासणीच्या दिवशी आई त्याला आंघोळ घालते, धुतलेला सदरा घालते, तेल लावून भांग पाडते. माणसांत जायचे म्हटल्यावर कोणती आई आपले लेकरू गबाळे नेईल? डॉक्टर विचारतात, “कसं आहे?” बाप हात जोडून म्हणतो, “बरं हाय साहेब आता, तुमच्या कृपेनं. शेतात बी येतो.” डॉक्टर पुढचा प्रश्न विचारण्याआधीच आई म्हणते, “काही तरास नाही त्याचा.”

यात लबाडी कुठेच नाही. मोठ्या माणसापुढे रडगाणे गाऊ नये ही आपली रीत. पोराच्या देखत त्याचे उणे काढू नये ही माया. आणि बारा वर्षांपूर्वीच्या त्या भयंकर दिवसांशी तुलना केली तर तो खरोखरच बरा आहे. पण डॉक्टरांना कागदावर काय लिहायचे आहे? हा माणूस आज आधारावाचून स्वतःचे स्वतः किती करू शकतो, एवढेच. ‘शेतात येतो’ म्हणजे बापाच्या मागे येतो आणि बांधावर बसून राहतो, हे बापाने सांगितलेच नाही.

डॉक्टर मोजतात कसे, ते समजून घ्या, म्हणजे काय सांगायचे ते आपोआप कळेल. मनाच्या दुखण्यातले अपंगत्व मोजायला आपल्या देशात ‘आयडियाज’ नावाचे एक माप आहे. ते इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केले आणि २००२ पासून सरकारी कामात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरही याच मापाने मोजतात. त्यात माणसाच्या जगण्याचे चार भाग पाडले आहेत: स्वतःची काळजी, माणसांशी नाते, बोलणे-समजणे आणि काम. प्रत्येक भागाला ० ते ४ गुण. अडचण नसेल तर शून्य, पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून असेल तर चार. शिवाय दुखणे किती वर्षांचे आहे याचे १ ते ४ गुण वेगळे: दोन वर्षांच्या आतले असेल तर १, दहा वर्षांहून जुने असेल तर ४. सगळे मिळून २०. बेरीज ७ किंवा जास्त झाली तर ४० टक्के आणि त्यापुढे. ६ किंवा कमी झाली तर ४० च्या आत. निराधारच्या पगाराला किमान ४० टक्के लागतात. म्हणजे एका गुणाच्या अलीकडे-पलीकडे घराचा पगार आहे.

आता वरच्याच मुलाचा हिशेब करू. समजा स्वतःच्या काळजीत १, नात्यांत १, बोलण्या-समजण्यात १ आणि कामात २ गुण पडले. झाले ५. दुखणे बारा वर्षांचे आहे हे जुन्या केसपेपरवरून सिद्ध झाले तर त्याचे ४. एकूण ९, चाळीस टक्क्यांच्या वर. पण जुने केसपेपर उंदरांनी खाल्ले, हातात फक्त गेल्या वर्षीचे कागद, आणि दुखणे दोन वर्षांच्या आतले धरले गेले, तर त्याचा १ गुण. एकूण ६. माणूस तोच, दुखणे तेच, आणि पगार गेला. म्हणून पहिल्या दवाखान्याचा पहिला कागद हा सातबाऱ्यासारखा जपा. तो पिवळा पडलेला असो, खाजगी डॉक्टरचा असो, त्यावर तारीख आहे ना? मग त्याची किंमत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. मूळ कागद दाखवा, पण देताना झेरॉक्सच द्या.

दुसरी गोष्ट, एक साधी शाळेची वही घ्या. तपासणीच्या दोन-तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा तीत चार ओळी लिहा. घरात लिहिणारे कोणी नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीकडून लिहून घ्या. सुशिक्षित भाषा नको. जे घडले ते लिहा.

स्वतःच्या काळजीखाली काय लिहाल? आंघोळ तो आपणहून करतो की तीनदा सांगावे लागते. ताट वाढून समोर ठेवले नाही तर तो जेवायला मागतो का. गोळ्या स्वतः घेतो की आई हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. नात्यांखाली: पाहुणे आले तर उठून मागच्या दाराने जातो का, भावाच्या लग्नात मांडवात किती वेळ बसला, एखादा मित्र उरला आहे का. बोलणे-समजण्याखाली: दुकानात शंभराची नोट देऊन पाठवले तर सामान आणि सुटे पैसे बरोबर आणतो का, फोन आला तर निरोप सांगतो का, विचारले एक आणि उत्तर दिले दुसरेच, असे किती वेळा झाले.

कामाच्या भागाविषयी जरा जास्त सांगतो, कारण शेतकऱ्याच्या घरात इथेच गफलत होते. नोकरदाराला काम आहे किंवा नाही, हे सरळ कळते. शेतात तसे नसते. बैलामागे चालणारा माणूस दिसायला काम करताना दिसतो. म्हणून काम ‘करतो की नाही’ असे न सांगता ‘कसे करतो’ ते सांगा. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला त्याला एकट्याला पाठवता का? मोटार चालू करून आला तर बंद करायला जातो का, की पाणी शेजाऱ्याच्या बांधात शिरते? सोयाबीन काढणीत पूर्वी दिवसाला किती करायचा आणि आता किती वेळात बसून घेतो? आपल्याकडे हळदीचा हंगाम म्हणजे सगळ्या घराची परीक्षा. हळद शिजवायला लागली की कढईजवळ, वाफेजवळ, जाळाजवळ त्याला एकट्याला ठेवता का? ठेवत नसाल तर का ठेवत नाही, ते एका वाक्यात लिहा. ते एक वाक्य डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाईल. बाईमाणूस असेल तर घरकाम हेही कामच धरले जाते. तिने चूल पेटवली आणि विसरून गेली, पिठात मीठ तीनदा टाकले, लेकराला पाजायचे तिच्या ध्यानात राहिले नाही, हे सगळे त्यात येते. ‘ती कुठे कमावती होती’ असे म्हणून तिचा कामाचा भाग सोडून देऊ नका.

काहींचे दुखणे पाळीने येते. चार महिने सगळे ठीक, मग महिनाभर झोप नाही, बडबड, उधळपट्टी, कोणालाही न सांगता बैल विकायला निघणे. किंवा उलट, गोधडीतून उठतच नाही. अशांची तपासणी नेमकी चांगल्या दिवसांत आली तर काय दिसणार? म्हणून मागच्या दोन वर्षांत दुखणे कोणकोणत्या महिन्यांत उठले होते, किती दिवस होते, दवाखान्यात ठेवावे लागले का, हे तारखांसह सांगा. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, हिंगोलीच्या दसऱ्यात की हळद काढताना, असे आठवून लिहा. डॉक्टर या दोन वर्षांचा हिशेब विचारतातच.

वहीत पुष्कळ उणे लिहायचे म्हणून जे नाही ते लिहू नका. खोटे वाढवून सांगितलेले अनुभवी डॉक्टरच्या लगेच ध्यानात येते आणि मग खऱ्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. जे तो करतो तेही लिहा. त्याला गाईची धार काढता येते ना? लिहा. माणूस काहीच करत नाही असे सांगून त्याचा पाणउतारा करण्यापेक्षा, धार काढतो पण दूध डेअरीला एकटा नेत नाही, हे जास्त खरे आणि जास्त उपयोगाचे आहे. हे बोलणे त्याच्यासमोर करायचे जिवावर येत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. “साहेब, दोन शब्द बाहेर बोलायचेत,” एवढे म्हटले तरी पुरते. या तपासणीत घरच्या माणसाची माहिती घेणे हा कामाचाच भाग आहे. तुम्ही मध्ये तोंड घालता आहात असे नाही. म्हणून रोज सांभाळणारे माणूस सोबत पाठवा. शिकलेला म्हणून पुण्याहून आलेल्या काकाला पाठवले आणि आई घरी राहिली, तर काका काय सांगणार?

आता एक फार वाईट सल्ला गावोगाव दिला जातो, त्याविषयी. “तपासणीच्या आधी आठ दिवस गोळ्या बंद करा, म्हणजे डॉक्टरला दुखणं दिसंल.” हे ज्याने सांगितले त्याच्या घरी असे माणूस नसावे. हे औषध एकदम थांबवले की दुखणे उसळते. उसळलेले दुखणे तपासणी झाली म्हणून घरी आल्यावर बसत नाही. पुन्हा त्याच गोळीने पूर्वीइतके बरे वाटायला महिने लागतात, कधी मात्रा वाढवावी लागते. त्या दिवसांत माणूस घर सोडून निघून जातो, विहिरीकडे जातो, हाणामारी करतो. आणि याचा उपयोगही काही नाही. माप त्या एका दिवसाचे नसते. उलट केसपेपरवर औषधाच्या तारखा तुटलेल्या दिसल्या की डॉक्टर विचारणार, औषध नीट का घेतले नाही? नियमित औषध घेऊनही एवढी अडचण उरते, हाच तुमच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे.

याच्याच पोटात दुसरी एक भीती असते. “तो बरा झाला तर पगार जाईल.” ही भीती मी थट्टेवारी नेत नाही, साडेपाच क्विंटल सोयाबीनची भीती आहे ती. पण हिशेब तरी पुरा करा. जो माणूस खरोखर उभा राहिला, मोटार बंद करायला स्वतः जाऊ लागला, एक हंगाम मजुरीला गेला, तो वर्षाला ३०,००० पेक्षा जास्त घरात आणेल. आणि त्याच्यामागे बांधलेले आईचे दोन हात मोकळे होतील, त्यांची मजुरी वेगळीच. पुष्कळांचे दुखणे तितके हटत नाही, हेही खरे. त्यांच्यासाठीच तर पुन्हा प्रमाणपत्र आहे.

सुनेचे दुखणे हा यातला सगळ्यांत अवघड भाग. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर दुखणे दिसले की पुष्कळ घरी एकच उपाय सुचतो: “तुमची पोरगी तुमच्या घरी न्या.” ती माहेरी येते. आधार कार्ड सासरच्या पत्त्याचे, नाव सासरच्या रेशन कार्डात, पहिल्या तपासणीचे कागद नवऱ्याच्या कपाटात. म्हातारे आई-बाप नूतनीकरणाला निघाले की प्रत्येक टेबलावर अडतात. अशा घराने क्रम उलटा लावायचा. आधी आधारवरचा पत्ता माहेरचा करून घ्या, मग दिव्यांग ओळखपत्रावरचा पत्ता दुरुस्त करा, मग तपासणीचा अर्ज. कागद सासरहून मिळत नसतील तर भांडणात वर्ष घालवू नका. ज्या दवाखान्यात ती दाखवली होती तिथल्या नोंदवहीवरून उपचाराचा दाखला मागा. नवऱ्याने टाकलेलीच असेल तर परित्यक्ता म्हणूनही निराधार योजनेत जागा आहे, हे तहसीलमध्ये विचारा. आणि एक शब्द सासरच्या मंडळींना. कागद अडवून तुमच्या घरी काय येणार आहे? ज्या पोरीने तुमच्या चुलीवर भाकरी थापल्या, तिचा केसपेपर तरी तिला द्या.

अर्ज कसा करायचा? जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र सरकारच्या संगणकावरच्या नोंदीतूनच मिळते. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर भरता येतो. जुने ओळखपत्र असेल तर ‘नवा अर्ज’ न भरता ‘नूतनीकरण’ भरायला सांगा, नाहीतर एकाच आधारवर दोन नोंदींचा घोळ होतो. आधार, फोटो, जुने प्रमाणपत्र, चालू केसपेपर बरोबर न्या. मोबाइल नंबर घरात कायम चालू असणाऱ्या माणसाचा द्या. हंगामी कामाला गेलेल्या धाकट्याचा नको, कारण निरोप त्याच नंबरावर येतात. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी हे काम धरा. ज्यांना १९९५ च्या कायद्याच्या वेळचे जुने हस्तलिखित प्रमाणपत्र आहे, त्यांनी तर थांबूच नये.

तपासणी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात. मानसोपचारतज्ज्ञ बोर्डावर कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून मगच गाडी धरा. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तेव्हा कोणता विभाग कोणत्या इमारतीत हेही विचारून घ्या. वसमत आणि औंढ्याकडच्या मंडळींचे उपचार बहुधा नांदेडला किंवा परभणीला चालू असतात. त्या डॉक्टरांकडून निदान, किती वर्षांपासून, कोणते औषध, एवढे चिठ्ठीवर लिहून आणा. गर्दीत बसवत नसेल अशा माणसाविषयी खिडकीवर आधी सांगा, झाडाखाली बसवा, भाकर-पाणी सोबत ठेवा. रोजची गोळी त्याही दिवशी वेळेवर. ४० टक्क्यांवरच्या ओळखपत्रावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, ती सोडू नका.

मतिमंदत्व आणि मनाचे दुखणे हे दोन्ही कायद्यात वेगळे आहेत, हेही ध्यानात असू द्या. अर्जात ‘मानसिक आजार’ असा रकाना आहे तोच भरायचा. चुकीच्या रकान्याने माणूस चुकीच्या तज्ज्ञापुढे जातो आणि हेलपाटा फुकट.

टक्केवारी ४० च्या खाली आली आणि ती तुम्हांला खरी वाटत नसेल, तर बाहेर येऊन शिव्या देत बसू नका. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमाने अपील करता येते. प्रमाणपत्र नाकारले तर कारण लेखी मागा. अपील करताना तीच वही, तेच जुने केसपेपर कामाला येतात. “आमच्यावर अन्याय झाला” या वाक्याने काही होत नाही. “दुखणे २०१३ पासून आहे, हा त्या वर्षीचा कागद, तो मोजणीत धरलेला नाही” या वाक्याने होते.

एजंटाविषयी थोडेच सांगतो. टक्के वाढवून देतो म्हणणारा माणूस दवाखान्याच्या फाटकावर नेहमी भेटतो. खोटे प्रमाणपत्र पुढे पडताळणीत सापडते आणि भोगावे लागते ते तुमच्या घराला.

औषध तुटले, माणूस रात्री बिथरला, किंवा सांभाळणाऱ्यालाच जगणे नकोसे झाले, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. हिंगोली जिल्हा २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठी सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पातल्या १४ जिल्ह्यांत होता. तेव्हापासून पुष्कळ आशाताईंना या दुखण्याची ओळख आहे. लाजू नका, तिला विचारा.

राहिली बँक. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. एका माणसाची दोन-तीन खाती असतात आणि आधार शेवटी ज्या खात्याला जोडले असेल तिथे पैसे पडतात. तुम्ही मात्र जुन्या पासबुकात शोधत बसता. पगार बंद झाला म्हणून तहसीलला हेलपाटे घालणाऱ्या काहींचे पैसे असे दुसऱ्याच बँकेत साठलेले निघाले आहेत. तेव्हा बँकेत जाऊन “आधारला कोणतं खातं जोडलंय?” असे विचारा, त्याच खात्याचे पासबुक तहसीलच्या फाइलला लावा, आणि पुढच्या महिन्यात पैसे पडल्याची नोंद त्यावर मारून घ्या.